नावाचा रकाना

कादराबादच्या वळणावर, पंक्चरवाल्याला लागून
आमचं दुकान. हिरवी पाटी, पिवळी अक्षरं :
सरकारमान्य भांग विक्री.
परवाना आजोबांच्या नावचा, फ्रेमीत,
काचेवर उदबत्तीची काजळी.

वडिलांनी धंदा शिकवला तो असा :
गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघायचं नाही, हाताकडं बघायचं.
हात सांगतो किती गोळ्या.
पुडी बांधायची चौकोनी, मेडिकलवाल्यासारखी,
कागद हिशोबाच्या वहीचा. पेपरचा नको,
पेपर लोक रस्त्यातच उलगडून वाचतात.
आणि त्याच्या पोरीच्या लग्नात पंगतीला शेजारी बसलो
तरी विचारायचं, "आपण कुठले?"

रजिस्टर होतं. नाव, वय, राहणार.
नावाच्या रकान्यात मी रेल्वे भरायचो :
परतूरकर, सेलूकर, मानवतकर, पूर्णेकर.
धुळवडीला, हत्ती निघायच्या दिवशी,
नांदेड ओलांडून पार मुदखेडपर्यंत जायचो.
एक्साइजचे डोईफोडेसाहेब एकदा पानं चाळता चाळता म्हणाले,
"काय हो, एकाच लायनीवरचे लोक खायलेत का भांग?"
म्हटलं, "साहेब, गाडी लेट असते."
हसले नाहीत. शिक्का मारला.

औंदा मशीन आलं.
वर कॅमेरा, खाली आधार, मधे मी.

साडेसातचे गृहस्थ आले.
वीस वर्षं साडेसातलाच येतात.
रोलिंग मिलमधून रिटायर,
डावा कान भट्टीलाच देऊन आलेले.
ते सुट्टे ठेवायचे, मी पुडी सरकवायचो.
आमचं बोलणं झालं असेल तर एकदा :
"लाईट गेली वाटतं."
"हो."

मला म्हणावं लागलं, "नाव?"
त्यांनी असं पाहिलं, जसा मीच कुणी परका
माझ्या दुकानात घुसलोय.
"शेषेराव," म्हणाले. मग हळू, "गिराम."
"ओटीपी येईल."
मोबाईल सुनेचा, आधारला तोच जोडलेला.
माझ्या फोनवरून लावला. कानामुळं स्पीकरवर.
मागं चारजण.

"चार," सून म्हणाली. "आठ. आठ. एक."
मग थांबली. मेसेज पुढंही होता ना,
दुकानाचं नाव, माल, वजन, धन्यवाद, पुन्हा या.
रांगेत कुणीतरी उगंच खोकललं.
"येताना कोथिंबीर आणा, मामा," ती म्हणाली
आणि फोन ठेवला.

शेषेराव पुडी न घेताच गेले.
सुट्टे तिथंच. मशीनला रद्द करता येईना.
उलट मलाच विचारायलं :
आमची सेवा कशी वाटली? तारे द्या.

आठ दिवस साडेसात नुसतेच वाजले.

नवव्या दिवशी एक बाई, काखेत दळणाचा डबा.
"मेसेज मलाच येतो, तर म्हटलं मीच यावं.
ते लाजायलेत. रात्रभर रेडिओ लावून जागायलेत."
नाव सांगितलं ते रांगेनं ऐकावं असं :
"सत्यशीला भारत गिराम. लिहा."

मी कंपनीची छापील पिशवी काढली.
"ही नको. धुण्यात सापडायची तसली द्या.
चौकोनी. बारा वर्षं खिसे उलटे करायले मी."

खालच्या कप्प्यात जुनं रजिस्टर होतं.
पान फाडलं, घडी घातली,
तर वरच्या बाजूला माझंच अक्षर :
परतूरकर, सेलूकर, मानवतकर.

तिनं वाचलं. बोट फिरवलं, बोटाचं पीठ कागदाला लागलं.
"ह्यातले मामा कोणते?"

"आठवत नाही," म्हटलं.

तिनं डब्याचं झाकण काढलं,
पुडी पिठात खोल दाबली,
वरून हात फिरवून पीठ सारखं केलं.