निळी रिबन

नियम मीच लिहिला होता फळ्यावर,
हेडबाईंनी सांगितला म्हणून:
दोन वेण्या, निळी रिबन,
नसेल तर प्रार्थनेला बाहेर उभं राहायचं.
खाली कन्नडमधूनही लिहिला,
बीईओ ऑफिसची जीप आली तर वाचता यावा.

कोन्सू इनास सिद्दी, आठवी ब,
नोव्हेंबरभर बाहेर उभी होती.
तिचे केस डोक्याला धरून वाढलेले, बारीक वळ्यांचे;
रिबन बांधली की घसरायची.
ते मला वर्गातून दिसायचं.
मी हजेरी घ्यायचे.
मुली ‘हजर’ म्हणायच्या, कोन्सू म्हणायची ‘आसां’.
वर्ग हसायचा. मी दुरुस्त करायचे.

डिसेंबरात तिच्या रांगेत नुसते ‘गै’.
जानेवारीत पटपडताळणीचं पत्र आलं
तेव्हा मला तिची आठवण झाली.
तिची म्हणजे, खरं सांगायचं तर, पटाची.

लोंढ्यापर्यंत बस. मग रुळांच्या कडेनं,
मग काजूच्या मोहरातून,
अस्वलानं उकरलेल्या वारुळाला वळसा घालून
मी चालत राहिले, चप्पल हातात.
सरकारनं दिलेली तिची सायकल
लोंढ्यातच काकाच्या पडवीत उभी होती,
रानात ती चालत नाही.
या वाटेनं ती रोज दोनदा जायची, एकटी,
आणि ‘उशीर का झाला’ याची चिठ्ठी
मी तिच्याकडे दोनदा मागितली होती.

आई अंगणात वाकळ शिवत बसलेली.
जुनी लुगडी, शर्टाची बाही, पोत्याचा तुकडा,
आणि चारही कोपऱ्यांना कापडाची घडी घालून केलेली फुलं.
एक फूल निळं होतं.
मी बघत राहिले तशी ती म्हणाली,
‘वाया कित्याक घालवूं?’
मग सुई न थांबवता,
‘केस देवान दिल्ले, बाय.
तो नेम कोणें दिल्लो?’

मी पाणी मागितलं.

बाप म्हणाला, मडगावला एका घरी काम ठरलंय,
भांडी, आणि एक म्हातारी सांभाळायची.
पहिल्या तारखेला नेऊन सोडणार.
मी हॉस्टेलचं सांगितलं, खानापूरचं.
जेवण फुकट, वह्या फुकट,
अर्ज तीन प्रतींत, जातीचा दाखला मी काढून देते.
‘आणि म्हातारी?’ त्यानं विचारलं,
जणू तिला शब्द दिला होता.

कोन्सू दारात, कडेवर भाऊ.
एवढंच विचारलं तिनं:
‘बाई, माझ्या जाग्यावर कोण बसतंय?’
कुणी नाही, म्हटलं मी.
तिथं मलप्रभा नायकोजी बसत होती.

परतल्यावर पहिल्यांदा मलप्रभाला उठवलं.
नंतर डस्टर घेतलं.
हेडबाई म्हणाल्या, आज वेण्या, उद्या युनिफॉर्म,
मग शाळा कशाला म्हणायची?
मला उत्तर सुचलं नाही.
मी पुसत राहिले. मराठी ओळ गेली,
कन्नड ओळ अजून पुसट दिसते,
ऊन तिरकं आलं की.

फेब्रुवारीत ती आली, केस मोकळेच.
मार्चात परत चार दिवस नाही,
परत लोंढ्याची बस, परत काजू, आता फळं धरलेली.
हॉस्टेलचं अजून कळवलेलं नाही त्यांनी.
मडगावहून दोनदा फोन येऊन गेलाय.

काल हजेरी घेताना तिचं नाव आलं.
‘आसां.’
मलप्रभा हसली.
मी पुढचं नाव घेतलं.