रनआउट नाही

मेहेर सिग्नलजवळच्या दुकानातून
फुल फ्रेम बॉडी घेतली, सेकंडहँड,
पंच्याऐंशी हजार वेळा उघडमीट झालेली,
अंगठ्यापाशी रबर सुटलेलं.
लेन्सपुरते पैसे उरले नाहीत.
दुकानदार म्हणाला, "जुनी लावा की. बसते."

बसली. टक्क आवाज करून बसली
छोट्या कॅमेऱ्यावर सात वर्षं राबलेली
माझी अठरा-पंचावन्न.
सिडकोतली बारशी, पाथर्डी फाट्यावरची डोहाळजेवणं,
एका साखरपुड्यात मसाला दुधात बुडालेली.

डोळा लावला
आणि चारी कोपरे काळे.
मध्ये गोल उजेड,
विहिरीच्या तळातून वर बघावं तसा.

आई म्हणाली, अंथरूण पाहून पाय पसरावेत.
खरंय. सेन्सर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत
त्रेचाळीस मिलिमीटर,
हिचा उजेड तिशीच्या आसपास संपतो.

मेनूत एक सोय असते.
ती चालू केली की कॅमेरा कडा स्वतःच कापतो,
चोवीसचे दहा मेगापिक्सेल हातावर ठेवतो
आणि काही झालंच नाही असं दाखवतो.
नाहीतर झूम पुढे न्यायचा,
काळं बरंचसं बाहेर सरकतं.
पण मग मागे जायला जागा लागते.

सातपूरच्या त्या कँटीनमध्ये जागा नव्हती.
माझ्या पाठीला पाण्याचा कूलर,
समोर आप्पांच्या निरोपाचा हार, शाल, नारळ,
चौतीस वर्षं लेथ,
आणि चौदा माणसं दोन रांगांत.
अठरावर गेले तरच मावत होती.
अठरावर गेले की टोकाची अंधारात.

"आत या," मी म्हणाले. "अजून आत."
खैरनार काका सरकले, कादरभाई सरकले.
पिंगळे आणि बोरस्ते,
संपाच्या सालापासून एका बाकावर डबा न खाल्लेले,
खांद्याला खांदा लागेस्तोवर आले
आणि दोघांनीही फक्त कॅमेऱ्याकडे बघितलं.
"अजून?"
"थोडं."
"पोरगी आमची गुंडाळी करते आज!"

लेथखालचा बुरादा उचलणारे गांगुर्डे मामा
तेवढे हलले नाहीत.
"मी बरा हितं."
समोसे निवत होते,
दुसऱ्या शिफ्टची बस गेटवर हॉर्न देत होती.
दाबलं.

रात्री लॅपटॉपवर उघडला.
गोल. तेरा चेहरे.
डावीकडे, काळ्याच्या कडेला,
एक कोपर आणि निळ्या ड्रेसची अर्धी बाही.
स्लायडर शेवटपर्यंत ओढून पाहिला.
जांभळट खडी निघाली,
मामा निघाले नाहीत.
उजेड जिथे पोचलाच नाही
तिथून काढणार काय?

पण खूप वेळ बघत बसले त्या गोलाकडे.
सात वर्षं ही लेन्स मला गोलच देत होती.
मी त्यातून चौकोन तेवढा उचलायचे
आणि उरलेलं
आत, कॅमेऱ्याच्या काळ्या भिंतींवर
सांडत राहायचं.

सकाळी कापायला घेतला
तर आप्पा मागे, हातात कप.
परवापर्यंत या वेळी पंचिंगच्या रांगेत असायचे.
चष्मा कपाळावर नेला, वाकले,
चेहरे नाही बघितले आधी.
गोलाच्या कडेवरून बोट फिरवलं, सबंध फेरी,
काचेवर चहाचा डाग ठेवत.
"रनआउट नाही," म्हणाले.
"डायल लावला तरी काटा हलायचा नाही."

बोट कोपरापाशी थांबलं.
"हा गांगुर्डे."
"दिसतात तुम्हाला?"
"बाही अशी तोच मुडपतो."

रविवार कारंजावरच्या लॅबवाल्याने विचारलं,
कोपरे भरून देऊ का मॅडम,
नाहीतर छाटून सरळ करतो, दोन मिनिटं लागतील.
म्हटलं, राहू दे.
चौदा प्रती.