बोरीच्या खाली

ओहोटीला निघालो. होडी बोस्त्यांवची,
माझ्या मांडीवर रिसीव्हर,
आणि खाली अठरा मीटरवर
जुवारीच्या पोटातून सरकणारं ड्रिलचं टोक.

"आतां खंय पावलें?"
मी आकडा सांगतो. तो वल्हं थांबवतो,
जणू खाली कुणी झोपलंय.

चार वाजता दाब पडला.
तिसऱ्या काढतात त्या रेतीपाशी
पाणी राखाडी झालं.
बेंटोनाइट, म्हटलं, नुसती माती, विषारी नाही.
त्यानं चिमूटभर जिभेवर ठेवली. थुंकला.
"ही माती न्हय. आमचे मातयेक मीठ आसता."

रात्रभर पंप बंद.
तिसऱ्या दिवशी पलीकडे, लोटलीच्या काठाला
माडांत टोक वर आलं,
खुणेच्या खुंटीपासून दीड हात डावीकडे.
साहेबांनी टाळ्या वाजवल्या, पेढे नव्हते म्हणून
बिस्किटं वाटली.

दोर आवळता आवळता बोस्त्यांवनं विचारलं,
गॅसला वास कसला?
मुळात नसतोच, म्हणालो. मागाहून घालतात,
गळला तर कळावा म्हणून.

तो हसला नाही.
"न्हंयेक आसता," म्हणाला,
आणि होडीच्या तळाशी उरलेल्या तिसऱ्या
माझ्या हेल्मेटमध्ये ओतल्या.