तीन टिंबं

आइलिफची बोटं आता ऐकत नाहीत.
म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी
गोळ्यांचा डबा भरून झाला की
त्याचे निरोप मी लिहिते.
"लिही : बोट आली. कॉड बरा मिळाला. गुडघा आहे तसाच."
प्रत्येक वाक्यामागे तो मोठ्याने "पूर्णविराम" म्हणतो,
दार ओढून कडी घालावी तसा.

मी म्हणते, आइलिफ, हल्ली असं टिंब देत नाहीत,
गुन्वोरला वाटेल तू रागावलायस.
"रागावलो असतो तर तसं लिहिलं असतं.
रागावलोय. पूर्णविराम."

वार्दो बेटावर नोव्हेंबर सरता सरता सूर्य जातो.
दुपारी बाराला खिडकीत निळसर काहीतरी येतं, निघून जातं.
तेवढ्या उजेडात मी त्याला ते पिवळे चेहरे दाखवले,
डब्यातली बटणं दाखवावीत तसे.
"हा रडतोय?"
नाही, हसून हसून डोळ्यांत पाणी आलंय.
"मग हा?"
हा रडतोय.
"आणि हे जोडलेले हात?"
कुणी म्हणतं आभार, कुणी म्हणतं प्रार्थना.
"म्हणजे तुमचंही अजून ठरलेलं नाही."

एकतीस वर्षं तो किनाऱ्यावरच्या रेडिओत बसला.
कानांवर हेडफोन, बोटांखाली पितळी कळ,
भिंतीपलीकडे बॅरेंट्स समुद्र.
टिंब आणि रेघ, एवढीच बाराखडी.
चेहरा नाही, आवाज नाही, अक्षराला वळणसुद्धा नाही.
तरी नाव यायच्या आधी माणूस कळायचा, म्हणतो.
एकाची रेघ शेवटी उगाच लांबायची.
एक टिंबं अशी टाकायचा, तापल्या तव्यावर मीठ.
आणि ट्रॉलरवरचा ओसमुंड,
त्याची बायको गेल्याची बातमी ह्यानेच कळवली.
"मिळाली," एवढंच उत्तर आलं.
"पण पहिल्या अक्षरानंतर तो इतका थांबला
की मला वाटलं, संपर्क तुटला."
आइलिफने चमचा बशीत ठेवला.
"ती जागा पाठवून दाखव. तुझ्या ह्या यंत्रात ती कुठे असते?"

मी स्पेसचं बटण दाखवलं.
"ही नव्हे," म्हणाला.

गुन्वोर स्टाव्हांगरला असते, देशाच्या दुसऱ्या टोकाला.
आईला पुरल्यावर दोघांत घरावरून काही झालं असावं.
मला कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
त्या शुक्रवारी तिचा निरोप होता :
नाताळला जमेलसं वाटत नाही
पुढे टिंब नाही, काही नाही. वाक्य उघडंच.
"लिही : ठीक. पूर्णविराम."
मी लिहिलं, आणि त्याला न विचारता
टिंब गाळलं.
(खोटं कशाला सांगू, एक हृदयही टाकलं होतं. मग पुसलं.)

लगेच तिकडे तीन टिंबं उठली, खालीवर होऊ लागली.
"हे काय?"
ती लिहितेय.
तो इतका वाकला की श्वासाने काच धुरकटली.
"तीन टिंबं," म्हणाला. "हा एस."
गेली. पुन्हा आली.
"परत एस."
टेबलाची कड धरून तो उभा राहिला, गुडघा विसरून.
ज्याच्या धास्तीने एकतीस वर्षं कान उघडे ठेवले
ते अक्षर मुलीच्या नावाखाली लुकलुकत होतं
आणि पुढच्या तीन रेघा येत नव्हत्या.

मी सांगू शकले असते,
अरे, शब्द सापडेना की ती सगळ्यांचीच दिसतात.
नाही सांगितलं.
टिंबं मालवली.

"फोन लाव," म्हणाला.
"रेघांसाठी कोणी थांबत नाही. पहिल्या एसला निघायचं असतं."

चार वेळा घंटा वाजली.
"बाबा?"
ह्याने तोंड उघडलं आणि काहीच बोलला नाही.
तीही नाही.
कितीतरी वेळ.
मी कप उचलले, विसळायला नळाशी गेले,
नळावर हात ठेवला,
सोडला नाही