अर्ध्या मोराचे पुठ्ठे

दाजी पेठेच्या मागच्या बोळात
पेंटप्पा गड्डमचा बारा मागांचा कारखाना होता.
आता तिथं काचेचं दार आहे,
दारावर पितळी अक्षरांत 'ताणाबाणा',
आणि आत सहा पोरं दिवसभर
जे काही बनवतात ते हातात येत नाही.
पडद्यावर दिसतं. छान दिसतं.

छताला कांड्यांचे दिवे टांगलेत.
मी मोजले, एकशे चाळीस.
निम्म्या कांड्या आपल्या, निम्म्या भलत्याच.
कुणीतरी भिवंडीचा माल खपवलाय यांना.
बोललो नाही.
कॉफीचे एकशे ऐंशी लिहिले होते
आणि त्यांनी माझ्याकडून घेतले नव्हते.

मला बोलावलं होतं श्रावणी बोद्दुलनं.
तिचा आजा आमच्यात वहिफणीला होता,
तुटलेला धागा काळोखात सांधायचा.
तिनं माळ्यावरची थप्पी खाली काढली :
जॅकार्डचे पुठ्ठे, दोऱ्यात ओवलेले,
झुरळांनी कडा खाल्लेले.
"भिंतीवर लावणाराय काका. टेक्स्चर बघा की कसलं आहे."

टेक्स्चर.

मी चष्मा काढून ठेवला.
पुठ्ठा डोळ्यांनी वाचत नाहीत.
भोक असेल तिथं धागा वर,
कोरं असेल तिथं खाली.
बत्तीस वर्षं मी एवढंच बोललो
आणि लोक ते पांघरून झोपले.

बोट फिरवत गेलो. चोच. तुरा.
दोनशे अकराव्या पुठ्ठ्यावर थांबलो.
"हा मी मारलेला आहे," म्हणालो.
"कशावरून?"
"डोळ्याचं एक भोक राहिलंय."
त्या दिवशी थोरलीला ताप होता,
माझं ध्यान पंचावर नव्हतं.
चार हजार चादरी बाजारात गेल्या
डोळा मारणाऱ्या मोराच्या.
कुणी परत आणली नाही.
मालकानं माझे दोन रुपये कापले.

मानेपाशी थप्पी संपली.
पिसारा रद्दीत गेला असणार,
माग किलोवर गेले त्याच आठवड्यात.

"उरलेला तुम्ही मारून द्याल?" श्रावणी म्हणाली.
मी वर बघितलं, जिन्याकडे.
वरच्या खोलीत इरव्वा आणि सात बायका
विड्या वळायच्या, सुपं मांडीवर घेऊन.
आता गच्चीत बसायची सोय होणार आहे,
झाडांच्या कुंड्या आल्यात.
इरव्वा कुंभारीकडं गेली. रिक्षाला जाता-येता साठ.
आणि समोरचा रज्जाक,
बोळातले शेवटचे दोन माग त्याचे,
परवा नवं भाडं ऐकून म्हणाला,
"गल्ली सुधारली की ओ.
आता आपण तेवढे काढायचे राहिलोय."

हे सगळं मी श्रावणीला सांगितलं.
तिनं ऐकलं, मान खाली घातली नाही.
"भाडं मलाही वाढवलंय काका.
अकरा महिन्यांनी मी पण नसेन कदाचित."
तिच्या नखांत शाई होती. आज्याच्या तेल असायचं.

मग मी अट सांगितली.
पुठ्ठ्याला चाळीस रुपये.
आणि भिंतीवर नाही, मागावर चढवायचे.
रज्जाकच्या. त्याच्याकडं अजून जॅकार्ड आहे,
गंजलंय, पण चालतंय.
तिनं मोबाइलवर आकडे मारले,
पुसले, परत मारले.
"पन्नास चादरी," म्हणाली. "त्याच्यावर जमणार नाही."
पन्नास चादरींनी रज्जाकचं काय होतं?
एक महिना होतो.

"पण डोळा तसाच ठेवायचा," ती म्हणाली.
"ती चूकच लोकांना आवडेल. तीच विकली जाईल."

मी तर घरून पंच घेऊन आलो होतो,
खिशात, फडक्यात गुंडाळून.
पहिल्यांदा ते भोक मारणार होतो.
चाळीस वर्षं तो मोर माझ्याकडं बघून डोळा मारतोय.

"मग माझे दोन रुपये दे," म्हणालो.
ती हसली, पाकीट शोधायला लागली.
मी हसत नव्हतो.
समोर रज्जाकचा माग धागा तुटून बंद पडला,
आणि आत कुणालाच कळलं नाही
एकदम एवढं शांत कशानं झालं.