समोरच्या काचेचं रबर

ती आली तेव्हा मी शटर अर्धं ओढलं होतं.
वाकून आत शिरली, म्हणाली,
समोरच्या काचेचं रबर हवंय.
कोणत्या गाडीचं?
टाइप दोन. कागदावर तसंच लिहिलंय.

बाई, टाइप दोन म्हणजे सगळ्याच.
टाइप एक ती बीटल, पाठीला कुबड असलेली.
तिच्यामागून जो डबा आला तो टाइप दोन,
आणि त्या डब्याच्या पहिल्या पिढीला म्हणतात टी एक.
म्हणजे टी एक ही टाइप दोन.
टी दोन हीसुद्धा टाइप दोन.
टी तीन? तीही टाइप दोनच.
हसा खुशाल. मी एकोणतीस वर्षं
हे चेहरा सरळ ठेवून सांगतोय.

मग टी दोन असेल, ती म्हणाली.
असेल. पण त्यात पुन्हा अ आणि ब.
अ-चे इंडिकेटर खाली, बंपरला टेकलेले,
ब-चे वर, भुवया उचलल्यासारखे.
ब्राझीलमध्ये अजून एक, उंच छपराची,
तिला तिकडे कोंबी म्हणतात,
पण कोंबी तर आपण सगळ्यांनाच म्हणतो.
आणि टी तीन हवी असेल
तर इंग्लंडच्या कॅटलॉगात टी पंचवीस शोधायची.
मधल्या बावीस कुठे गेल्या, विचारू नका.
अमेरिकेत तिचंच नाव व्हॅनॅगॉन, इथे मायक्रोबस,
आणि जर्मन म्हातारे लहानमोठी न बघता
सगळ्यांना बुली म्हणून हाक मारतात.
एकानं नाव ठेवलं, बाकीच्यांनी नावं ठेवली,
निस्तरतोय मेर्विन फिलांडर.
एकदा विश्वासानं दोन नंबरचं रबर मागवलं,
अकरा आठवड्यांनी खोकं उघडलं तर
दुभंगलेल्या काचेची दोन छोटी रबरं.
ती अजून खिळ्याला लटकतायत, बघा.

ती बघत होती माझं लेटरहेड.
गावाच्या वेशीवर आता कारिएगाची पाटी आहे,
माझ्या कागदावर अजून यूटनहेग,
कारण दोन रिमं शिल्लक आहेत.

बाबा इथल्याच कारखान्यात होते, ती म्हणाली,
लाइनवर काचा बसवायचे.
पर्समधून बिल्ला काढून काउंटरवर ठेवला,
कडा झिजलेल्या: सायमन.
झोलिले होतं त्यांचं नाव.
फोरमनच्या जिभेवर ते बसेना,
त्यानं पहिल्याच दिवशी सायमन केलं.
आई दोन्ही म्हणायची नाही.
ती म्हणायची द्लोमो, कुळाचं नाव,
रागावली तरी द्लोमोच.
आता दाखल्यावर मेलाय झोलिले
आणि पेन्शनच्या फायलीत जिवंत आहे सायमन.
चौदा महिने झाले, ऑफिसवाले म्हणतात,
ही दोन माणसं आहेत.

मला काही सुचलं नाही.
चहा विचारला, ती नको म्हणाली.
मग विचारलं, जुनं रबर आणलंय का?
तिनं पिशवीतून बोटभर तुकडा काढला,
उन्हानं तडकलेला, पांढुरका.
खाचेतून अंगठा फिरवला.
एक ओठ जाड, एक पातळ, आत पत्र्याची चीर.
वरच्या फळीवरची तिसरी पेटी.
शिडी लावायच्या आतच कळलं होतं.

पेटीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं:
मोठी काच, शेवटच्या गाड्या, नीट बघून देणे.
कधी लिहिलं होतं, आठवत नाही.
बसवणार कोण, मी विचारलं.
मीच, ती म्हणाली. रविवारी अंगणात
साबणाचं पाणी आणि दोरी घेऊन
ते शिकवायचे, मी काचेला आतून दाबून धरायची.

बिलबुक उघडलं, कार्बन सरळ केला.
वस्तू: काचेचं रबर, एक नग.
गाडी: तो रकाना मी रिकामाच सोडला.
नाव?
थोझामा.
स्पेलिंग सांगा, म्हटलं, चुकायला नको.
टी, ती म्हणाली,
आणि माझं पेन थांबलेलं पाहून हसली.
पुढे एच आहे.
आकडा नाही.