राखेत रात्रभर

गार असते तेव्हाच ती बोलते,
टक टक टक, सकाळची पहिली दहा मिनिटं.
तापली की गप्प.
बीड फुगतं, भेग मिटते,
आणि ओफेलिया म्हणते, "बघ विल्मार, काही नाही."
तीन हिवाळे असंच म्हणत होती.
चौथ्या जुलैत, काचा उघड्या, कानटोपी नाकापर्यंत,
डोळ्यांतून धुराचं पाणी,
तिने ऑस्टिन माझ्या दारात आणून उभी केली.

सहा बोल्ट. चार सुटले.
पाचवा तेल पिऊन, शिव्या खाऊन सुटला.
सहावा मानेत तुटला, तो तुटणारच होता.

मॅनिफोल्ड बाकावर घेतला. रॉकेल फिरवलं,
पुसून कोरडा केला, वर खडूची पूड.
मी एक विडी ओढली तेवढ्यात
पांढऱ्यावर ओली रेघ उमटली,
दोन नंबरच्या नळीपासून थेट कानापर्यंत,
मला वाटली होती त्याच्याही बोटभर पुढे.
भेग दिसते त्याहून लांबच असते.
दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली:
बाई, इथवर. याच्या पुढे नाही.

निकेलच्या दोनच कांड्या होत्या,
रिवेराच्या बाजारातून, ब्राझीलच्या बाजूने आणलेल्या.
कोरोनिशाच्या निखाऱ्यांवर
बीड मंद लाल होईतो तापवलं.
इंचभर टाका, मग हातोडीने हलके हलके,
झोपलेल्याला उठवू नये अशा बेताने.
पुन्हा इंचभर.
बिडाला आगीचं वावडं नाही,
घाईचं आहे. एवढंच मला कळलंय, पन्नास वर्षांत.

दर रविवारच्या भाजलेल्या मांसाची राख
मी पिंपात साठवतो. त्यात तो पुरला.
झाकण. वर वीट.

रात्री नऊला बातोवीच्या पलीकडून निरोप:
सिल्वेरांची सून, कळा सुरू.
"काढ बाहेर," ओफेलिया म्हणाली. "बसव."
"सकाळी."
"कोमट चालेल मला."
"तुला चालेल. त्याला नाही."
तिने पिंपावर हात ठेवला.
चाळीस वर्षं परक्या घरांत
ओढू नका, घाई करू नका, असं बजावत आलेली सुईण
हळूच विचारते, "अजून किती वेळ?"
आणि मग आपलंच ऐकून इतकी हसली
की कानटोपी पडली.

माझ्या पिकअपने गेलो. तीन फाटकं,
तिन्ही मी उतरून उघडली, पुन्हा लावली.
तिथे चुलीपाशी म्हातारा सिल्वेरा आणि मी
लोकरीच्या भावावर बोलत राहिलो;
आतला आवाज थांबला की आम्हीही थांबायचो.
मातेचं पातेलं दोनदा आटलं.
माझा कान मात्र गावात, पिंपाशी.
विशीत मी एकदा राख लवकर उकरली होती.
टिंग.
पेल्याला नख लागावं एवढाच आवाज,
आणि मालक समोरच उभा.

पावणेपाचला मुलगी झाली. जरा निळी, मग लाल,
मग आम्हा सगळ्यांना शिव्या दिल्यासारखी रडली.
म्हाताऱ्याने लोकरीचा भाव अर्धा सांगून सोडून दिला.

उजाडताना वीट काढली.
राखेत हात घातला कोपरापर्यंत:
कोंबडी उठून गेल्यावर गवत असतं, तेवढं ऊबदार.
टाका दिसत होता, ओबडधोबड. लपवला नाही.
कानशीने तोंड सपाट केलं, नवं गॅस्केट,
बोल्ट मधून बाहेरच्या अंगाला, थोडे थोडे.

चावी फिरवली.
टक टक टक.
ओफेलियाने माझ्याकडे पाहिलं.
रात्रभर न झोपलेल्या बाईचं ते पाहणं.

रबरी नळी कानाला लावून मी इंजिनभर फिरलो.
मॅनिफोल्डपाशी काही नाही. नुसता श्वास.
वर, व्हॉल्व्हच्या झाकणापाशी, सापडला.
"हा वेगळा," मी म्हटलं. "हा वयाचा आहे."
"म्हणजे जाऊ?"
"जा. आणि काचा लाव आता, गारठशील."

तिने हँडल फिरवलं.
काच वर येईना. पुन्हा फिरवलं.
इतके महिने उघडी राहून
खाली कुठेतरी गंजून बसली होती.

"उद्या आण," मी म्हटलं.
ती परवा आली.